चौदा मोऱ्यांचं पाणी

मथुराबाईंनी माझ्याशी एकदा तरी भांडायला हवं होतं. माझी एवढी एकच तक्रार आहे आणि ती मी इतकी वर्षं जपून ठेवली आहे. लातूरच्या भाजीबाजारात माझ्याशी कोण भांडलं नाही? हमाल भांडले, अडते भांडले, सख्खा मेहुणा भांडला. भांडण झालं की माणूस मोकळा होतो. दोन दिवसांनी त्याच माणसाबरोबर चहा पिता येतो. या बाई भांडल्या नाहीत, आणि ते माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं.

त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, बेताची उंची, आणि चाल अशी की मागून येणाऱ्याला धावावं लागावं. हाताला सदा औषधी साबणाचा वास. ड्यूटीवरून आल्या की लुगडं बदलायच्या आणि खुरपं घेऊन गल्लीच्या खालच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या जागेत शिरायच्या. त्या जागेवर एक पत्र्याची पाटी होती : ‘बगीच्यासाठी राखीव’. ती कुणी लावली, कधी लावली, कुणाला आठवत नव्हतं. मथुराबाईंनी ती खरी मानली.

‘‘बगीच्याची जागा हाय म्हनतेत न? मग बगीचाच करून राहिले मी,’’ त्या म्हणायच्या.

आमची गल्ली गावाच्या टोकाला, उताराची. चौदा घरं. सगळ्यात वर किराणा दुकानवाल्या वाण्याचं, मधे आम्ही सगळे मिसळलेले, आणि सगळ्यात खाली बौद्धांची दोन घरं. एक मथुराबाईंचं, दुसरं त्यांच्या दिराचं. प्रत्येक घराच्या न्हाणीची मोरी दारापुढच्या नालीत उघडायची. बाईंनी ती नाली दगड लावून सरळ केली आणि तिचं तोंड त्या मोकळ्या जागेकडे वळवलं. पाणी आधी खडी आणि वाळूच्या खड्ड्यात पडायचं, मग कर्दळी आणि अळूच्या पट्ट्यातून हळूहळू पुढं जायचं, आणि तिथून वांगी, दोडका, भोपळा, शेवग्याच्या बुंध्याशी. पानाला ते पाणी लागू द्यायच्या नाहीत. मेथी, चुका, अंबाडी यांच्यासाठी बायका तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तांब्याने आणून घालायच्या. कपड्याचा सोडा मोरीत सोडला तर बाईंना दुसऱ्या दिवशी झाडावर कळायचं, आणि त्या थेट त्याच दारात जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या. सोडा बंद व्हायचा.

सकाळी दवाखान्यात जाताना त्या गल्लीतून खाली-वर एक फेरी मारायच्या आणि मोऱ्या ऐकायच्या. आत कोण अंघोळ करतं आहे ते त्यांना पाण्याच्या आवाजावरून कळायचं. एकदा शिंप्याच्या दारात थबकल्या. ‘‘थोरल्यानं आज दोनच तांबे घेतले. ताप हाय का त्याला?’’ शिंपीण बाहेर आली, म्हणाली, अंग जरा कोमट आहे. संध्याकाळी पोराला दवाखान्यात न्यावं लागलं.

मी या गल्लीत आलो तो बहात्तरच्या दुष्काळात. त्याआधी मुखेडकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडली, कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाल्ली, आणि एक दिवस आई, बायको, दोन लेकरं घेऊन एसटीत बसलो. लातुरात हातगाडी धरली. मुखेडचा म्हणून बाई मला मुखेडकर म्हणायच्या. पुढं माझं दुकान झालं, घर झालं, लोक शेठ म्हणायला लागले, तरी त्यांच्या तोंडी मुखेडकरच राहिलो.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना गाठलं.

‘‘बाई, मपल्या मोरीचं पानी तुमच्या वांग्याला जातंय. मला काय मिळंल?’’

‘‘वाटा.’’

‘‘किती?’’

‘‘घराला एक.’’

‘‘आमी पाच जन आंगूळ करतो. शेजारी दोघंच हायत. त्यायचा बी एक आन आमचा बी एकच?’’

‘‘मुखेडकर, मोरी न्हाई मोजत आमी. घर मोजतो.’’

मला राग आला. मी मोरीला चिंध्यांचा बोळा कोंबला आणि चार दिवस न्हाणीतलं पाणी बादलीने रस्त्यावर फेकलं, सगळ्यांना दिसेल असं. दुष्काळात पाणी फेकणारा माणूस म्हणून गल्ली माझ्याकडे कशी बघायची ते मला अजून आठवतं. पाचव्या दिवशी रविवार होता. बाईंच्या दिराची मुलगी दारात आली आणि उंबऱ्यावर एक पाटी ठेवून गेली. सहा वांगी, दोन दोडके, अंबाडीची जुडी. पाणी आलं नाही, तरी वाटा आला. मी बोळा काढला. पण राग गेला नाही, उलट वाढला.

पुढचं सांगायला आज जड जातं. तेव्हा जड गेलं नव्हतं. आमच्या घरात ती वांगी शिजली नाहीत. माझी आई म्हणाली, कुणाकुणाच्या अंगाचं पाणी त्यात आहे. ‘कुणाकुणाच्या’ म्हणजे कुणाच्या ते तिनं तोंडाने सांगितलं नाही, आम्हाला सांगायची गरजही नव्हती. मी मान हलवली. बायकोनं वांगी शेळीला घातली. असं पाच-सहा आठवडे चाललं.

आणि बाजारात तर भाजीचा दुष्काळ. गावोगावच्या विहिरी तळाला गेलेल्या, माझी गाडी अर्धी रिकामी. इथं माझ्या दारापुढं, माणसांच्या दोन-दोन तांब्यांवर, काळी कुळकुळीत वांगी लटकलेली. मी बाईंकडे गेलो. म्हटलं, सगळा माल मी घेतो, बाजारापेक्षा जास्त भाव देतो, आणि पैसे गल्लीत वाटा. बाई वाफ्यात बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘‘तुमची शेळी काल मपल्या दारापुढं लेंड्या टाकून गेली.’’

‘‘मग?’’

‘‘त्यात वांग्याचं बी हाय. लई.’’

मी मागं वळून आमच्या दाराकडे बघितलं.

‘‘खायचं न्हाई, पन इकायचं व्हय?’’ त्यांनी खुरपं झटकलं. ‘‘आधी घरी शिजवा. मग बोलू.’’

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. चार घरांतून माणसं बाहेर आली. बाई वाफा खुरपत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला लागली. तिच्या तोंडाला चव नव्हती आणि बाजारात तिच्यापुढं ठेवावं असं काही नव्हतं. एका रविवारच्या वाट्याची वांगी बायकोनं भाजून भरीत केलं. आईला सांगितलं, बाजारातून आणली. आईनं भाकरी खाल्ली, आणि पुन्हा भरीत मागितलं. मग आम्हीही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, ‘‘शिजवली.’’

‘‘आजीनं खाल्ली?’’

‘‘दोनदा मागून.’’

‘‘मग झालं की,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आता इकायला कुठं उरली? खाऊन घ्या.’’

म्हणजे सौदा नाही तो नाहीच. माझ्या सगळ्या धंद्यात एवढा साधा डाव माझ्यावर कुणी टाकला नाही.

वाटे घालायची त्यांची रीत गावाकडचीच. पोत्यावर चौदा ढीग लावायचे, डोळ्याने सारखे दिसतील असे. मग एकानं पाठ करून उभं राहायचं. दुसरा एका ढिगाला काठी लावून विचारणार, ‘हा कुनाचा?’ पाठ केलेल्यानं घराचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्याचा तो ढीग. मोठा निघो की लहान, कुरकुर नाही. आधी वाण्याची आजी पाठ करायची. ती गेल्यावर बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं, मान मिळाला.

‘‘तुमचं तोंड लई सौदा करतंय,’’ बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. ‘‘पाठ तेवढी इमानदार हाय. करा पाठ.’’

गल्ली हसली. मीही हसलो, पण आतून पेटलो. आणि तरी दर रविवारी पाठ करून उभा राहिलो, कितीतरी वर्षं. खोटं बोलत नाही, पाठीलाही मी लबाडी शिकवून पाहिली. भोपळ्याचा ढीग लावताना पोत्यावर धप्प असा आवाज यायचा. तो कुठल्या बाजूला आला ते मी लक्षात ठेवायचो, आणि काठी तिकडे टेकल्याचं ऐकू आलं की माझ्या घराचं नाव घ्यायचो. ओळीनं तीन रविवार भोपळा माझ्या घरी आला. चौथ्या रविवारी आवाजच आला नाही. मी वळून बघितलं, तर बाईंनी पोत्याखाली ओल्या वाळूचा थर पसरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘‘पाठ करा, मुखेडकर,’’ एवढंच म्हणाल्या.

मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले, मीही गाडीभर फुलांचे हार फुकट दिले. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, त्यांच्या बंगल्यांवर भाजी लागायला लागली. माझं चांगलं चाललं. पावसानं मात्र पाठ फिरवली. त्याच कोरड्या वर्षांत एक दिवस दोन माणसं टेप घेऊन आली आणि मोकळी जागा मोजायला लागली. कुठल्या खात्याची ते सांगत नाही. त्यांचा दोष मी धरत नाही.

‘‘इथं बगीचा होणार आहे, बाई.’’

‘‘मग हे काय हाय?’’

‘‘ही भाजी झाली. बगीचा म्हणजे हिरवळ, फुलं, कारंजं. जिल्ह्याचं ठिकाण आहे आता.’’

‘‘फुलं हायत की,’’ बाईंनी कर्दळीकडे बोट केलं. कर्दळ खरंच फुलली होती, लालभडक. टेपवाला हसला, पण टेप गुंडाळली नाही.

संध्याकाळी गल्ली बाईंच्या ओट्याशी जमली. त्या खात्याच्या साहेबाला भेटायला कुणीतरी जायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलणारा माणूस मीच. भेटीच्या दिवशी बाईंची ड्यूटी होती.

‘‘मुखेडकर, तुमी जा. तुमाला बोलाया येतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पन एक ऐका. अर्धं मागू नका.’’

‘‘कामून? काहीच न मिळन्यापेक्षा अर्धं बरं की.’’

‘‘अर्ध्यात चौदा घरं बसत न्हाईत. मग कोन्तं घर काढू मी? सगळं ऱ्हायलं तर ऱ्हायलं. सगळं गेलं तर जाऊ द्या, लोक ज्याचं त्याचं बघतील. पन अर्धं आनू नका.’’

मी म्हटलं, काळजी करू नका.

साहेब सभ्य होते. बसा म्हणाले, चहा मागवला. मी सगळ्या जागेवर बोललो. ते नाही म्हणाले. मी दुष्काळावर बोललो, लेकरांच्या पोटावर बोललो, हिरवळीला पाणी कुठून आणणार ते विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. ज्यानं बाजारात उभा जन्म काढला त्याला तो उतार कळतो. समोरचा ढिला पडायला लागला की हाताला एक खाज सुटते. अशा वेळी गप्प बसायचं असतं, उठून दारापर्यंत जायचं असतं. हे मी शंभर जणांना शिकवलं आहे. त्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात होता आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘बरं, अर्धं तरी ठेवा.’’

साहेबांनी लगेच पेन्सिल घेऊन नकाशावर रेघ ओढली. इतक्या लगेच, की मला तिथंच कळलं, आणखी थांबलो असतो तर सगळं मिळालं असतं. कदाचित नसतंही. ते आता कुणालाच कळणार नाही.

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘बगीच्याच्या तोंडाशी एक गाळा निघेल. भाजीचाच माणूस हवा होता.’’ मी तो मागितला नव्हता. नको म्हणालो नाही, एवढंच.

गल्लीत शिरलो तो छाती पुढं काढून. अर्ध्या लोकांनी पाठ थोपटली. बाई ड्यूटीवरून येत होत्या. मी रस्त्यातच सांगितलं. गाळ्याचंही सांगितलं; कुठून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

‘‘कोन्तं अर्धं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘खालचं. पानी येतं तिकडचं. ते मुद्दाम मागून घेतलं मी.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

मी रस्त्यात उभा राहिलो. मला वाटलं, तांब्या ठेवतील, बाहेर येतील, आणि मग बोलतील. माझी सगळी उत्तरं तयार होती. त्या बाहेर आल्या त्या खुरपं घेऊन. वरच्या अर्ध्यातली रोपं मुळांसकट काढून खाली आणायची होती.

पहिल्या रविवारी मी पाठ करून उभा राहिलो. ‘हा कुनाचा?’ शिंप्याचा. ‘हा कुनाचा?’ वाण्याचा. काठी फिरत गेली, मी नावं घेत गेलो. माझं घेतलं. शेवटी एकच नाव उरलं आणि मी आपणहून म्हटलं, ‘‘मथुराबाईचा.’’

‘‘झाले वाटे,’’ मागून आवाज आला.

मी वळलो. पोत्यावर तेराच ढीग होते. लहान-लहान, पण तेरा.

‘‘तुमचा?’’

‘‘मला दवाखान्यात जेवाय मिळतंय.’’

आयांना दवाखान्यात जेवण मिळत नसे. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही, कारण बोललं असतं तर कुणाचा तरी ढीग कमी करावा लागला असता. मी म्हटलं, ‘‘मपला वाटा काढा. मपलं भाजीचं दुकान हाय.’’

‘‘दुकानातली चांगली भाजी तुमी कवा घरी आनता व्हय?’’ बाई म्हणाल्या. बायका हसल्या, कारण ते खरं होतं. चांगला माल मी घरी नेत नसे. ‘‘लेकरायच्या तोंडचं कामून काढता? ऱ्हाऊ द्या.’’

मी त्यांना म्हटलं, शिव्या द्या मला. खरंच म्हटलं, सगळ्या गल्लीसमोर. त्या पोतं झटकत होत्या. ‘‘शिव्या देऊन वांगं वाढतंय व्हय?’’ म्हणाल्या. माझी बायको वाटीभर भाजी त्यांच्याकडे पाठवायची. वाटी रिकामी परत यायची नाही. तळाशी शेंगदाण्याची चटणी असायची, नाहीतर गुळाचा खडा. त्या वाट्यांनी मला जेवढं छळलं तेवढं कुठल्या वैऱ्यानं छळलं नाही.

दोन वर्षं असंच चाललं. वरच्या अर्ध्यात हिरवळ लावली ती पहिल्याच उन्हाळ्यात करपली. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं, नंतर उडालं नाही. माझा गाळा मात्र चालला. मग एक दिवस बगीच्याला कुंपणाची भिंत घालायची ठरली आणि खालचं अर्धंही आत गेलं. या वेळी साहेबाकडे जा असं मला कुणी म्हटलं नाही. नाली बुजली, मोऱ्या गटाराला जोडल्या गेल्या. बाईंनी उरलेली रोपं घरोघर दिली, कुंडीत लावा म्हणाल्या. कुणाची जगली नाहीत.

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि नांदेडला लेकीकडे राहायला गेल्या. लेक विष्णुपुरीला कॉलेजात नोकरीला होती. मी नांदेडच्या बाजारात केळीसाठी जायचो. दोन-तीनदा विष्णुपुरीचा रस्ता धरला आणि अर्ध्यातून मागं फिरलो. शेवटी एकदा गेलोच.

बाई थकल्या होत्या. चाल मात्र तशीच भराभर. त्यांनी पाणी दिलं, लेकीनं पोहे केले. गल्लीतल्या एकेका घराची चौकशी झाली. मग मी म्हटलं, ‘‘बाई, तुमी त्या येळेला मला काहीच बोलल्या न्हाईत. आज बोला.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘अर्धं आनू नको म्हनलं व्हतं तुमी.’’

मला वाटलं, आता निघणार. इतक्या वर्षांचं सगळं निघणार. मी बसल्या जागी सरसावलो.

‘‘चुकी मपली हाय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ड्यूटी बदलून घेता आली असती. साहेब माजं काय खानार व्हता? पन मला भ्या वाटलं, कचेरीत आपल्याला कोन बसा म्हनंल. म्हून तुमाला धाडलं. सौदा करनाऱ्या मानसाला सौदा करू नको म्हनून धाडलं. इळ्याला म्हनावं कापू नको, तसं झालं ते.’’

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. ‘‘खा. गार व्हतेत.’’

मी खाल्ले. त्यांनी मला न विचारता माझा गुन्हासुद्धा आपल्या अंगावर घेतला होता, आणि तो परत मागावा कसा, मला कळेना.

निघालो तेव्हा त्या फाट्यापर्यंत आल्या. बस उभीच होती. मी खिडकीशी बसलो. खाली रस्त्याच्या कडेला एक माळीण टोपली घेऊन बसली होती. बाई तिच्यापाशी वाकल्या, मेथीची एक जुडी उचलली, देठ मोडून बघितला. माळिणीनं भाव सांगितला. तो मला वरून ऐकू आला. त्या दिवशीच्या बाजाराच्या दुप्पट होता. बाईंनी कनवटीचे पैसे काढले आणि तिच्या हातावर ठेवले. काही न बोलता.

‘‘अवो, भाव करा!’’ मी खिडकीतून ओरडलो. ‘‘निम्म्यात देती ती! बाई!’’

माळिणीनं वर बघितलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. बाईंना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. बस सुरू झाली होती. त्या जुडी काखेत धरून, पाठमोऱ्या, भराभर चालत होत्या.